तिसऱ्या चुकीचा फोन

बाबांनी उभारलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची देखरेख त्यांच्यामागे मुलीकडे आली, आणि पहिलीच तक्रार आली ती बाबांच्या जिवलग मित्राविरुद्ध. काकांनी दुरुस्ती सुचवणाऱ्या एका नवख्या मुलीला चर्चेत सर्वांदेखत विचारलं होतं, “अक्कल गहाण ठेवलीस काय?” ती काम सोडून निघाली होती. काकांची ही तिसरी चूक, आणि तिसऱ्या चुकीला प्रकल्पातून महिनाभर बंदी, हा नियम. पण आधी फोन करायचा, ही बाबांची रीत. लेकीने काकांना फोन लावला.

“तुझ्या बापाने सांभाळून घेतलं असतं मला.”

“दोनदा घेतलं, काका.”



“त्या पोरीची दुरुस्ती बरोबर होती. घाल बंदी. तो गेल्यापासून मला कोणी रागावलंच नव्हतं गं.”

तिने बंदी घातली. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.