वाचवलेलं वर्ष

लॉन्ड्रीचं शटर वर केलं आणि टपालवाला हजर. पाकिटात कायमच्या वास्तव्याची कार्डं होती. लेकीचं भलं व्हावं म्हणून बापाने मायदेशातलं चालतं दुकान विकून इथे धुलाईचा धंदा टाकला, सरकारी अटीप्रमाणे दोन इथली माणसं पगारावर ठेवली, चार वर्षं हाडाची काडं केली, ती याच कार्डांसाठी.

पण कार्डं दोनच निघाली. त्याचं आणि बायकोचं.

लेकीच्या नावे नुसतं पत्र होतं. तिला एकवीस पूर्ण झाली, आता ती आईवडिलांच्या अर्जात बसत नाही, तीस दिवसांत देश सोडावा.

"एकवीस कुठली? अहो, पोर अजून विसाचीच आहे!" बायको कळवळून म्हणाली.

शाळेत नाव घालताना बापानेच मास्तरांना गळ घालून तिचं वय वर्षाने वाढवून लावलं होतं. पोर चुणचुणीत, घरी बसून काय करणार? वर गावभर मिरवलं होतं, "पोरीचं एक वर्ष वाचवलं!" तीच तारीख पुढे दाखल्यावरून पासपोर्टावर चढली.

लेकीने पत्र वाचलं, घडी घालून ठेवलं, आणि रोजच्यासारखी इस्त्री हातात घेतली. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर दाबत ती हळूच म्हणाली, "बाबा, ते वाचवलेलं वर्ष कुठे ठेवलंय हो? आता लागतंय."