काका म्हणाले, ‘चालेल की’

मी एक जुना डाव आहे. पत्त्यांचा नव्हे हो, आणि कुणी कुणावर टाकतं तोही नव्हे! भात-भाजी वाढायचा, लांब दांड्याचा पितळी डाव. माझ्या नावावरून लोकांनी इतक्या कोट्या केल्या आहेत की आता मीच आधी सांगून टाकतो.

मित्रांनो, एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा अंग चांगलं शेकून निघालं. मग लग्नाची जेवणं करणाऱ्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात मी आलो आणि तिथल्या वाढप्याच्या हाती पडलो. त्याला सगळे काका म्हणत. हात असा बेताचा की ताटाबाहेर एक शीत सांडायचं नाही. आचारी म्हणायचे, “डाव ह्याच्याच हातात द्या, अन्न पुरून उरतं.” हे ऐकून मी उगीचच चमकायचो.

कुणी ताटावर हात आडवा धरून “नको” म्हटलं, की काका पुढे जात नसत. जरा थांबत, हलकेच म्हणत, “थोडंसं?” आणि बहुतेक वेळा तो हात बाजूला होई. पहिला नको संकोचाचा आणि दुसरा पोटाचा, असं त्यांचं गणित होतं. दुसऱ्या नकोनंतर मात्र ते कुणाला छळत नसत.

काकांचे थोरले भाऊ लवकर गेले. वहिनी आणि पुतणी ह्यांच्यासोबतच काका राहत. पुतणीला ते लाडाने ठकी म्हणत. ही ठकी लहानपणी काकांनी वाढल्याशिवाय घास घ्यायची नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. स्वागत समारंभात ठकीला, जावयाला आणि नव्या सोयऱ्यांना मी स्वतः वाढणार, असं ते आचाऱ्याला येता-जाता ऐकवायचे. नवा पांढरा सदराही शिवून घेतला होता. फक्त घरात तेवढं बोलले नाहीत. घरच्यांना काय सांगायचं, त्यांना कळणारच, असं त्यांना वाटलं असावं.

मग वहिनी आणि ठकी जेवणाचं ठरवायला आमच्या स्वयंपाकघरात आल्या. बाईंनी विचारलं, पाहुण्यांना बसवून वाढायचं की बुफे मांडायचा? काका शेजारीच मला फडक्याने पुसत होते. त्यांचा हात थांबला.

वहिनी म्हणाल्या, “बुफेच मांडा. आमचे भाऊजी जन्मभर दुसऱ्यांना वाढत आले. त्या दिवशी तरी त्यांनी पाहुण्यासारखं जेवावं.” मग वळून विचारलं, “चालेल ना, भाऊजी?”

काका म्हणाले, “चालेल की.”

त्यांच्या मुठीत माझा दांडा होता. ती मूठ किती घट्ट झाली हे मलाच ठाऊक. ठकीने एकदा काकांकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि तीही “चालेल” म्हणाली. झालं! वहिनींच्या मनात माया होती, मी त्यांना बोल लावत नाही. पण हजारो माणसांना दुसऱ्यांदा विचारणाऱ्या त्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

समारंभाच्या दिवशी मला भाताच्या भांड्यात उभा केला. जो येई तो मला ओढी, अर्धा भात टेबलावर सांडी आणि पुढे जाई. नवा सदरा घालून काकाही रांगेत आले. हातात रिकामी प्लेट. त्यांनी मला उचललं, आणि सवयच ती, मागच्या माणसाच्या प्लेटमध्ये भात वाढला. मग त्याच्या मागच्याला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात वहिनी आल्या. “भाऊजी, आज नको ना,” म्हणत त्यांनी मला काकांच्या हातातून अलगद काढून घेतलं. काका हसले आणि रिकामी प्लेट तशीच खाली ठेवून रांगेतून बाहेर पडले.

पाहुणे पांगल्यावर ठकी त्यांना शोधत आली. माझ्यासमोरच दोघं बोलले.

“काका, जेवलास?”

“हो, भरपूर.”

मी गप्प. डावाला कुठलं तोंड!

“मला वाटलं होतं, आज तू वाढशील.”

काका म्हणाले, “मग बोलायचंस ना गं.”

“तूच तर चालेल म्हणालास.”

इतक्यात तिला गाडीत बसायला हाका आल्या आणि ती गेली.

मित्रांनो, बुफे वाईट आणि वाढणं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. ज्याची त्याची सोय. पण आपल्या घरात कुणी चटकन “चालेल” म्हणालं, तर थोडं थांबा. “आवडेल का?” असं विचारा, आणि तुम्हाला विचारलं तर खरं सांगा. ठकी माहेरी आली की काका अजूनही तिला पोटभर वाढतात. पण ती नवरी होती त्या दिवशी तिला वाढायचं राहिलं, ते राहिलंच.