कान खाजवून मागितलेली पोथी

मित्रांनो, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या सेर, म्हणजे श्रीयुत, नेरोत्सोंना धाकटी मुलगी तेसा झाली, त्याच वर्षी त्यांनी मला डोंगरातल्या एका मठातून घरी आणले. मी मेंढीच्या कातड्यावर लिहिलेली जुनी पोथी आहे. माणसाने स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, आपले जगणे आपण निवडावे, असे एका प्राचीन तत्त्ववेत्त्याने माझ्यात सांगितले आहे.

मठात मी शेकडो वर्षे ओलीत कुजत होते. तिथले साधू मौन पाळत आणि खुणांनी वस्तू मागत. ग्रंथ हवा असला की हवेत पाने उलटत. माझ्यासारखी परधर्मीयाची पोथी हवी असली, तर वर कुत्र्यासारखा कान खाजवत, कारण त्यांच्या लेखी परधर्मी म्हणजे कुत्रा! आठवले की अजून माझी पाने ताठ होतात.

नेरोत्सोंनी मला लाल मखमल चढवली. पहिल्या पानावर घराण्याचे चिन्ह सोन्यात रंगवले. पाहुणे जेवायला आले की मला मेजावर आणत, कान खाजवणाऱ्या साधूंची नक्कल करत आणि गरजत, "ऐका! माणूस आपलं नशीब स्वतः घडवतो!"

"नेरोत्सो, पोथीला चरबी लागेल हो," एक पाहुणा म्हणाला.

"लागू दे. तेवढंच ज्ञान नरम होईल!"

सगळे हसले. त्यांच्यापैकी एकानेही मला पुरते वाचले नव्हते. वाचले ते एकट्या तेसाने.

ती चौदा वर्षांची झाली. थोरलीच्या हुंड्यात घर रिकामे झाले होते, म्हणून धाकटीला ख्रिस्ती जोगिणींच्या मठात धाडायचे ठरले.

"बाबा, परवा तुम्हीच म्हणालात, माणूस आपलं जगणं निवडतो."

"माणूस म्हणालो मी. तू मुलगी आहेस."

"मग पोथीत तसं कुठं लिहिलंय, दाखवा ना."

"फार शहाणी झालीस. उद्या मठात केस कापायचेत तुझे."

मी तिथेच मेजावर होते, मित्रांनो. मला हात असते तर मी त्यांच्या थोबाडीत दिली असती!

पुढे शहरात परधर्मीयांच्या जुन्या पोथ्या जाळण्याची लाट आली. माझा डंका पिटणारे नेरोत्सो लटपटले. "ही ब्याद खरवडून टाका, वर प्रार्थना लिहा," असा निरोप देऊन त्यांनी मला तेसाच्याच मठात पाठवले. खरवडायची सुरी तिच्याच हाती आली.

तिने सुरी चालवली. पण फक्त पहिल्या पानावर, बापाच्या सोनेरी चिन्हावर. ते पुसून तिथे एक प्रार्थना लिहिली आणि मला प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवून दिले. मग घरून ढकललेल्या मुलींना तिने एक खूण शिकवली. जेवताना मौन असे. एकीने कान खाजवला की तेसा मला गुपचूप तिच्या झग्यात सरकवी.

"या मठात पिसवा फार झाल्यात," मोठ्या मदर वैतागून म्हणत. "गाद्या उन्हात टाका!"

मित्रांनो, मखमल चढवून आम्हाला मिरवू नका. आम्हाला वाचा, आणि वाचलेले आपल्या घरातल्या मुलीलाही लागू करा. तेवढीच आमची निगा.

सिस्टर तेसा १५२२ साली, द्राक्षे काढायच्या दिवसांत, त्याच मठात वारली. मठाचे दार तिला शेवटपर्यंत कोणी उघडून दिले नाही.