खरी नववी जागा

साल्तो गावात एतेल्विनासारखं देखणं खोटं कुणी बोलत नसे, आणि तेही ती बोलायची फक्त पत्त्यांच्या डावात. एरवी बाई चर्चच्या वेदीची वस्त्रं शिवणारी, रविवारची प्रार्थना कधी न चुकवणारी. पण त्रुको हा पत्त्यांचा खेळ खेळायला बसली की हातात फुसकी पानं घेऊन अशा थाटात डाव चढवायची, की समोरचा चांगली पानं टाकून पळ काढायचा. थाप हा तर त्रुकोचा प्राणच. पाद्रीबाबासुद्धा तिच्याकडून हरले होते आणि यात पाप नाही असं हसत सांगत होते.

अलीकडे सगळा देश त्रुको फोनवर खेळू लागला होता. हरजीत होईल तसे गुण, खालच्या जागेवरच्याशी हरलं तर जास्त कापलेले, गुणांवरून क्रमवारी, आणि वर्षाअखेरी पहिल्या आठांना राजधानी मोंतेविदेओत समोरासमोर खेळायचा मान. एतेल्विनाला तिथं जायचंच होतं. उभा जन्म गावच्या क्लबच्या टेबलावर जिंकण्यात गेला, पण साल्तोबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. एकदा तरी भल्याभल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून थाप मारायची होती.

आणि ती अडकली होती नवव्या जागी.

पहिला होता चिंगोलो नाव घेऊन खेळणारा कुणी. त्याच्याशी ती दरवेळी हरायची. आधी वाटलं, आपली थाप म्हातारी झाली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, आणि क्रमवारी सांभाळणाऱ्या विल्मारला ती म्हणाली, "अरे, हा माझ्या थापेला कधी भ्याला नाही आणि माझ्या खऱ्यात कधी अडकला नाही. इतकं मला फक्त देव ओळखतो. हा देव नव्हे."

विल्मारने तपास केला. चिंगोलो एका चोरट्या प्रोग्रॅममधून समोरच्याची पानं बघत होता. खेळाच्या संघटनेने त्याला हाकलला.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर मंडळी क्लबात जमली. माते नावाच्या कडवट चहाचा भोपळा हातोहात फिरत होता. विल्मारने क्रमवारी भिंतीवर पाडली.

"एतेल्विनाबाई, काम सोपं आहे. त्याचं नाव खोडतो, खालचे सगळे एकेक पायरी वर. तुम्ही आठव्या. बॅग भरा!"

"आणि त्याने ज्यांना लुबाडलं त्यांचं रे?"

विल्मारने डोकं खाजवलं. "तसं करायचं तर वर्षाचे सगळे डाव पहिल्यापासून पुन्हा मोजावे लागतील. त्यात तुमचं काय होईल, ते माझ्या हातात नाही."

"बाई," म्हातारा इसाबेलिनो खिदळला, "जन्मभर थापा मारल्यात, आणि आज कुठून ही खरेपणाची हुक्की?"

"तू माते पी आणि गप बस. माझ्या थापा मी माझ्या तोंडाने मारल्या. चोराने बिघडवलेल्या पायरीवर उभी राहून गेले, तर तिथं कुणाच्या डोळ्यांत बघू?" "मोज रे."

विल्मारने कळ दाबली.

आधी हलली ती चिंगोलोने हरवलेल्यांची नावं. ती सावकाश वर चढली. पण तेवढ्यावर थांबलं नाही. ही माणसं पुढचे डाव खेळली तेव्हा त्यांची जागा खरीपेक्षा खालची दिसत होती, त्यामुळे त्यांच्याशी हरणाऱ्यांचे गुण नको तितके कापले गेले होते. आता ते गुणही परत निघाले, त्यांच्याकडून पुढच्यांकडे, आणि तिथून आणखी पुढे. रिव्हेरा, रोचा, लांबलांबची खेडी... ज्यांनी चिंगोलोचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांची नावं जागची उठत होती. जणू नदीला हळूच पाणी चढावं आणि काठावरच्या चिखलात रुतलेल्या होड्या एकेक करून तरंगू लागाव्यात.

इसाबेलिनोने टोपी काढली, चर्चमध्ये शिरताना काढतो तशी.

"एकट्याचं पाप इतक्या लांबवर गेलं होतं?" तो पुटपुटला.

"आणि खरं बघ," एतेल्विना म्हणाली, "तेही तितकंच लांब निघालंय."

तिचं स्वतःचं नाव पाचवं झालं. कुणीतरी टाळी वाजवली. मग ते सहावं झालं, आठवं झालं, आणि सगळं थांबलं तेव्हा नववं होतं.

तिच्या वर, आठव्या जागी, बेल्या उनिओन गावच्या उसाच्या मळ्यातला लिबोरियो. काल तो बराच खाली होता.

विल्मार चाचरला. "पुन्हा एकदा तपासू का?"

एतेल्विनाने डोळे टिपले. "नको. कालची नववी जागा चोराने दिली होती. ही माझी आहे. त्या लिबोरियोला फोन लाव, मीच सांगते."

फोन लागला.

"मी साल्तोची एतेल्विना. लिबोरियो, तुम्ही आठवे आलात. मोंतेविदेओला निघायची तयारी करा."

"ओहोहो, बाईसाहेब! आता फोन करून थापा? मागे तुमच्यापुढे चांगली पानं टाकून पळालो होतो, विसरलो नाही मी!"

"वेदीची शपथ, खरं सांगते."

"चढवा, डाव चढवा! या खेपेला पळत नाही. दाखवा पानं!"

क्लब हास्यात बुडाला. विल्मारने नवी क्रमवारी लिबोरियोला धाडली. पलीकडे उसावरचा वारा ऐकू येत होता.

"बाई," लहान मुलासारखा आवाज आला, "पण मी तर त्या चोराशी एकदाही खेळलो नाही. मग हे मला कुणी परत दिलं?"

एतेल्विना भिंतीवरच्या शांत झालेल्या नावांकडे बघत राहिली. "चोराने मला खाली ओढलं होतं, म्हणून माझ्याशी हरताना तुमचे जास्त गुण कापले गेले; ते आज माझ्या हातून परत आले," ती म्हणाली.