लाल रेघेवरचा काटा

पडदेवाल्याची गाडी दिसली की लोक बाजूला व्हायचे. आदराने नव्हे हं, भीतीने! टपावरच्या कॅरिअरला बांधलेल्या पडद्यांच्या दांड्या पुढेही हातभर बाहेर आणि मागेही. त्यात चालवणारा असा, की निघाला की सुसाट आणि सिग्नल दिसला की खच्चून ब्रेक. गाडीतला माणूस एकदा पाठीवर आपटायचा, एकदा नाकावर.

पडदेवाल्याच्या घरात कामं वाटून घेतलेली होती. आई पडदे शिवायची, बाबा ते लोकांच्या घरी लावून यायचे आणि त्यांची एकुलती एक मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, ती उंच उड्या मारायची. शाळेत तिच्या उडीच्या उंचीपर्यंत कुणी पोचत नव्हतं. आता रविवारी टेकडीपलीकडच्या मैदानावर मोठ्या संघाची निवड होती. रविवारी तिकडे बस जात नाही. उरली ती बाबांची गाडी.

सोमवारी बाबांनी टाकी भरली आणि पंपावरच जाहीर करून टाकलं, "ही आठवडाभराची. रविवारपर्यंत एक थेंब टाकणार नाही. उरलं तर जाऊ तुझ्या उड्यांना. नाही उरलं तर मार अंगणात."

"शर्त?"

"शर्त."

भिंगरीने त्यांचा हात असा हलवला की पंपावरचा माणूस हसला. सुट्ट्या लागलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती बाबांच्या शेजारच्या सीटवर, पेट्रोलच्या काट्यावर डोळे लावून, राखणदारासारखी बसली.

आधी तिने चारही चाकांत हवा भरून घेतली. मग दांड्या आत आडव्या घालून टपावरचं कॅरिअर उतरवलं, कारण ते वारा अडवतं म्हणे. मग डिकी उपसली. आतून काय काय निघावं! पाय मोडलेलं स्टूल, कुणाच्या तरी खिडकीची लोखंडी जाळी, कापडांच्या नमुन्यांची वीटभर जाड पुस्तकं, गंजका डबा, तिची स्वतःची खेळाची पिशवी. सगळं तिने जिन्याखाली रचलं.

"स्वतःची खोली आवर म्हटलं की पाठ दुखते," मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली. "गाडी आवरायला बरी भीमाची ताकद येते!"

आणि रस्त्यावर तर तिच्या तोंडाचा पट्टा बंदच होईना.

"बाबा, लाल दिवा इथूनच दिसतोय ना? मग पाय उचला की! तिथे कोण तुम्हाला ओवाळणार आहे?"

"गाडी मी चालवतोय की तू?"

"तुम्ही चालवताय. मी वाचवतेय."

बाबांनी ब्रेक आणखी जोरात मारला.

बुधवारी बँकेतल्या साहेबांच्या घरी शिडी लागली, भिंतीला भोकं पडली, बाबांनी मागे न बघता हात पुढे केला. "डबा दे."

"कुठला डबा?"

"गंजका. भिंतीत ठोकायचे प्लग असतात त्यात. त्याशिवाय स्क्रू काय हवेत बसवू?"

डबा जिन्याखाली होता. तिनेच ठेवलेला. म्हणजे घरी परत, आणि पुन्हा इथे. अख्ख्या रस्त्यात ती काट्याकडे बघत राहिली. काटा मात्र निवांत खाली सरकत होता. त्याच्या बापाचं काय जात होतं?

गुरुवारी तर कहर झाला. टेकडीपलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, मैदानाच्या अगदी फाटकासमोर. चढावर गाडी दम टाकत पोचली. आत खुर्चीवर एक गृहस्थ आ वासून पडलेले. बाई मास्कमधून म्हणाल्या, "आज कसं जमेल हो? दिसतंय ना तुम्हाला?"

बाबा आल्या पावली मागे फिरले. समोर मैदानात निळी जाड गादी अंथरलेली होती. भिंगरी खिडकीतून तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही निघण्याआधी फोन का नाही करत?" तिचा आवाज चिरकला.

"मी पडदेवाला आहे. फोन केला की लोक म्हणतात आज नको, उद्या या. दारात जाऊन उभं राहिलं की कुणी नाही म्हणत नाही."

"आत्ता म्हटलं की!"

"एखादी वेळ."

"ती एखादी वेळ माझी होती, बाबा!"

शनिवारी काटा लाल रेघेवर जाऊन टेकला. बाबांनी किल्ली खुंटीला अडकवली, पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाले, "शर्त म्हणजे शर्त."

भिंगरी उभी पेटली. "हवा मी भरायची, कॅरिअर मी उतरवायचं, आणि पेट्रोल तुम्ही दुसऱ्यांचे दात बघायला जाळायचं!"

"आणि डबा कुणी काढला?"

भिंगरी आणखीच भडकली. तिने टेबलावरचा बाबांचा फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावून पडदे लावायला कधी येऊ ते विचारलं. बाबा "अगं, अगं" म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला.

"पडदे? अगं, मी महिनाभर सांगतेय तुझ्या बाबांना, रविवारी या! रविवारी दवाखाना बंद असतो, मोकळेपणाने काम करा. उद्या सकाळी या ना."

मशीन थांबलं. आईने चष्मा कपाळावर चढवला. "महिनाभर सांगतायत? ते पडदे शिवून मी कधीची वाट बघतेय!"

"रविवारी माणसाने आडवं पडायचं असतं," बाबा पुटपुटले.

"पडलायच की आत्ता. उद्याचं आजच पडून घ्या," आई म्हणाली.

सकाळी बाबा निमूटपणे पंपावर जाऊन पेट्रोल भरून आले. ते बघून भिंगरीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. "म्हणजे माझ्या उडीसाठी थेंब नाही, आणि पडद्यांसाठी टाकी?"

"पडदे पोट भरतात. तुझ्या उडीने माझी भूक वाढते."

या दांड्या लांब होत्या, त्यामुळे कॅरिअरही पुन्हा टपावर चढलं. मग बाबांनी एक नवीनच गोष्ट केली. निघण्याआधी डिकीसमोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "शिडी? ड्रिल? गंजका डबा? पडदे?"

"आहे, आहे, सगळं आहे, चला ना!"

"तुझे उडीचे बूट?"

भिंगरीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बूट पिशवीत. पिशवी जिन्याखाली, मोडक्या स्टुलाच्या मागे. ती कानापर्यंत लाल होऊन धावली. आई जिन्यातच पिशवी धरून उभी होती. ती नुसती हसली. त्यापेक्षा बोललेली परवडली असती.

टेकडी उतरताना लांबवर लाल दिवा दिसला. बाबांनी पाय उचलला. गाडी अलगद घरंगळत गेली आणि जवळ पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावाच लागला नाही.

बाबांनी तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. "बघितलंस?"

"आठवडाभर कोण सांगत होतं?"

"पण केलं कुणी?"

तिने दातओठ खाल्ले आणि खिडकीबाहेर बघितलं. या माणसाला काही म्हणजे काही शिकवायची सोय नाही!

फाटकाशी ती टुणकन उतरली. निळी गादी तिथेच होती, मुली पाय मोकळे करत होत्या. चार पावलं धावली आणि तिच्या कानात घरघर आली. ती गर्रकन वळली.

"बाबा! उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून काय बघताय?"

"तू एकदाची जातेस कधी, ते," बाबा म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.