अकरा सेकंदांचं स्टेटस

अगं थांबा, मधी बोलू नका कुणी. एका दमात सांगू द्या, न्हाईतर मी रडंल आन् राहील सगळं.

तुमाला माहितीच हाय, आमच्या आरोग्य केंद्रात बाळ झालं की मी व्हॉट्सॲपला स्टेटस टाकते. अर्धं गाव ऊस तोडायला कर्नाटकात, म्हणजे बाप तिकडं आन् बाळ इकडं. टोळीच्या मुकादमाकडं माझा नंबर हाय, तो स्टेटस बघतो आन् उसाच्या फडातच ओरडून सांगतो, कुणाला काय झालं. घरच्यांचा फोन मागून, माझं स्टेटस आदी. लई मिरवायचे गं मी त्याच्यावर.

तर मंगळवारी सकाळी दिपाली बाळंत झाली. पैलीच. पोरगी, अडीच किलो, केस तर एवढे! इचारलं, "टाकू का गं?" ती म्हणली, "टाका सिस्टर, कळू द्या त्यांना." थेट स्टेटसमधूनच व्हिडिओ काढला, अकरा सेकंदांचा, आन् टाकला.

दहा मिनिटांत मुकादमाच्या फोनवरून युवराज, तिचा नवरा. मागं सगळी टोळी ओरडायली.

"सिस्टर, ही पोरं म्हणायली माझ्यावर न्हाई गेली, नशीब काढलं पोरीनं! खरं हाय का वो?"

"या की बघायला, तुमीच ठरवा."

"निघालोच. उद्या सकाळी तिथंच येतो."

तासाभरानं बाळाला धाप लागली. छाती आत ओढायली, ओठ निळे. डॉक्टर, ऑक्सिजन, अँब्युलन्स, मी सोबत. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेत होतो, अलीकडंच गेली गं. माझ्या मांडीवर.

परत आले तर वत्सलाबाई, दिपालीची सासू, तिनं माझा हात गच्च धरला. "युवराजला सांगू नका बाई. एकटा हाय वाटंत, काय करून घेईल काय म्हाईत. आन् फोनमधलं ते आदी काढा." स्टेटसवर अभिनंदन, फुलं, लाडू, येतच होते. मला बघवंना. डिलीट केलं. दिवस मावळायच्या आत पोरीला पुरलं. तान्ह्या लेकराला कोण ठेवतंय?

बुधवारी आठलाच युवराज दारात. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, तोंडभर हसू.

"कोणत्या खाटंवर हायत वो दोघी?"

कुणीच सांगितलं नव्हतं त्याला. दिपालीला रातीच घरी नेलं होतं, वत्सलाबाई तिच्यापाशी. पैली खबर मी दिलती, आता हीपण मीच दिली.

तो बाकड्यावर बसला. रडला न्हाई. कुठं पुरली तेवढं इचारलं. मग म्हणला, "व्हिडिओ दाखवा. काल उन्हात दिसलंच न्हाई नीट, सगळे फोन ओढायले. मला वाटलं, आता जाऊन बघायचीच हाय की."

मी फोन काढला. थेट स्टेटसला काढलेला, गॅलरीत पडलाच नव्हता. मुकादमाला फोन लावला, त्यानं उतरवून घेतला नव्हता. घरच्यांनी तर एकपण फोटो काढला नव्हता, कावून? तर सिस्टरनी टाकलाय म्हणून!

"डिलीट केला, दादा."

"कावून?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं. मग म्हणला, "तुमी सांगा मग. काय करत होती त्यात?"

सांगितलं. डोळे मिटलेले. उजवी मूठ दुपट्याच्या बाहेर. दिपालीनं बोट लावलं तर तिनं धरलं. जांभई दिली, एवढीशी. बस, संपलं.

"परत सांगा."

परत सांगितलं. बाहेर पेशंटची लाइन लागलती.

"अजून एकदा, सिस्टर."

आन् तिसऱ्यांदा सांगताना मला आठवंनाच गं, मूठ उजवी होती का डावी. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी उजवीच म्हणलं.