गंजक्या कसा गेला

मी एका एक्सरे काढणाऱ्या बाईंचा जुना लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे खरंच बोलतो. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची सोय माझ्यात आहे. आवाज कोरडा, स्वल्पविरामापाशी अडखळणारा, पण जे समोर येईल ते खणखणीत वाचणार.

पहिली दोन वर्षं मी एका कचेरीत हजेरीचे तक्ते भरण्यात घालवली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग बाईंनी मला घरी आणलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं.

घरात दोघंच, बाई आणि त्यांचे बाबा. बाबांनी उभा जन्म पत्र्याचं काम केलं. कारखान्यांची धुराडी, झाकणं, हवेचे मोठे नळ. पुढे साखरेच्या आजारात डोळे गेले. दर शनिवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. राजे, उडते सर्प, चिलखत घातलेले शिलेदार. बाई बघायच्या आणि बाबा विचारायचे, "आता कोण पडलं? ही तलवार कुणाची वाजली?" सांगता सांगता बाईंची अर्धी मालिका हुकायची, आणि बाबांच्या पदरात अर्धवटच पडायचं. म्हणून बाईंनी तोडगा काढला. शनिवारी कानाला हेडफोन लावून त्यांनी एकटीने नीट बघायचं, रविवारी सकाळी ब्लॉग लिहायचा आणि तो मी बाबांना वाचून दाखवायचा. माझ्या एका कळेवर त्यांनी मेणाचा ठिपका लावला, म्हणजे बाबांच्या बोटाला ती सापडेल.

सहा वर्षं एकही रविवार चुकला नाही. ब्लॉगच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'पडद्यावर दिसलं तेच लिहीन.' बाबांना लढाईपेक्षा चिलखतात रस. "कोपराला रिवेट किती? दोनच? मग हात वळतो कसा त्याचा?" बिचाऱ्या बाई चित्र थांबवून रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मोजायच्या. असलं कुणी लिहीत नव्हतं, त्यामुळे वाचक वाढत गेले.

मालिकेत एक म्हातारा शिलेदार होता. त्याच्या चिलखताला गंज चढलेला, म्हणून बाबा त्याला गंजक्या म्हणायचे. वाचकांनीही तेच नाव उचललं. "गंजक्या आहे तोवर मला काही होत नाही," असं बाबा हसत म्हणायचे.

मग त्यांना खोकला लागला. छातीचा एक्सरे बाईंनीच काढला. एक्सरे काढणाऱ्यांची एक शिस्त असते. फोटोत काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं. बाई बाबांनाही तेच म्हणाल्या. डॉक्टरांनी बाईंना बाहेर बोलावून सांगितलं की थोडेच महिने आहेत. घरी आल्यावर बाबांना कळलं ते इतकंच, की कफ साठलाय, निघेल.

नेमका त्याच आठवड्यात मालिकेत गंजक्या मेला.

त्या रविवारी बाईंनी माझ्यावर कितीदा लिहिलं आणि कितीदा खोडलं. शेवटी लिहिलं, की गंजक्या जखमी झाला आणि एका गिरणीवालीने त्याला घरी नेलं. मी मुकाट्याने वाचलं.

"चिवट आहे गडी," बाबा म्हणाले.

बाई घरी असल्या की पोस्ट संपताच मला थांबवायच्या. प्रतिक्रियांना त्या सवडीने उत्तरं द्यायच्या. या वेळी भीतीपोटी त्यांनी त्या उघडल्याच नव्हत्या. सोमवारी त्या कामावर गेल्या, आणि बाबांनी पोस्ट पुन्हा ऐकावी म्हणून ठिपक्याची कळ दाबली. मला थांबवणारं कुणी नव्हतं. मी पुढे वाचत सुटलो. 'बाई, बरं आहे ना? गंजक्या तर मेला.' 'आम्ही सगळ्यांनी बघितलं हो.' 'सहा वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलंत, का?' अशा सतरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड मिटणं माझ्या हाती नाही.

बाबा बाईंना काही बोलले नाहीत. पुढचे दोन रविवार बाईंनी गंजक्याला गिरणीत सूप पाजलं, काठी धरून चालवलं. बाबा "बरं झालं" म्हणत राहिले. रिवेट मोजून लिहिणारी पोरगी खोटं का लिहिते, हे कळायला त्यांना एक्सरे लागला नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पोरी, पुरे आता. गंजक्या कसा गेला ते सांग."

"गेला असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"हाच," म्हणून त्यांनी मला टिचकी मारली. "रागावलो नाहीये मी. पण तो घाबरला होता का? एकटा होता का? तेवढं मला कळू दे."

बाई रडल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि माझ्याकडे न बघता सांगू लागल्या. "घोडा पडला, बाबा. त्याला चिलखत काढायचं होतं, पण पट्टे पाठीवर, हात पोहोचेना. तेव्हा घाबरला. मग शत्रूकडचा एक शिलेदार आला, त्याने पट्टे सोडले आणि शेवटपर्यंत बसून राहिला. नंतर नाही घाबरला."

"हलकं वाटलं असणार," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि माझे किती दिवस?"

"दोन महिने, बाबा. फार तर."

बाबांनी बाईंचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. दुपारी बाईंनी खरी पोस्ट लिहिली आणि वाचकांची माफी मागितली. बाबांना सात आठवडे मिळाले. त्यात त्यांनी जुन्या सोबत्यांना एकेक करून घरी बोलावलं आणि आपल्या कात्र्या, हातोड्या कुणाला कोणती ते ठरवून स्वतःच्या हाताने दिल्या.

आता माझी बिजागरी तुटली आहे, बॅटरी चार्ज होत नाही. बाई नव्या लॅपटॉपवर लिहितात, दर रविवारी, पण ते ऐकायला घरात कुणी नाही. मी कपाटावर पडून असतो. मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की घरातल्या कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर जवळ बसा आणि आपल्या तोंडाने सांगा. ते माझ्यासारख्यावर सोडू नका. त्या सोमवारी मी सतराच्या सतरा प्रतिक्रिया एका सुरात वाचल्या, आणि तो आंधळा म्हातारा रिकाम्या घरात एकटा बसून ऐकत होता.